डायलिसिस केंद्राचा आराखडा

प्रिय संघपाल,

बंगळुरूच्या नव्या ऑफिसात रुळला असशील. मी चिखलीतच आहे, आणि सध्या इथल्या डायलिसिस केंद्रासाठी नंबर लावायची प्रणाली करतेय. खेड्यांतून एसटीनं, जीपनं आलेले पेशंट यंत्र रिकामं होईपर्यंत बाकावर ताटकळतात. ते थांबावं एवढंच काम. कोडला अजून हात लावलेला नाही, आधी यूएमएलमध्ये, आपल्या त्या काडीची माणसं, चौकटी आणि बाणांच्या खुणांत, आराखडा काढला. कॉलेजच्या परीक्षेत आम्ही सगळ्यांनी पाठ केलेलं एटीएम काढलं होतं, आणि तू मात्र चिखलीचा धान्यबाजार. शेतकरी, मापारी, अडत्या आणि कोणाकडून कोणाकडे काय जातं त्याचे बाण. त्याच चार खुणांत बँक मांडता येते तसा बाजारही, हे मला तुझ्या त्या कागदावर कळलं. सरांनी तुला मार्क कमीच दिले, ते सोड.

आराखडा मी केंद्रातल्या भिंतीवर लावला. लोक काडीच्या माणसांकडे बघून आधी हसले, मग बोलायला लागले. यंत्र बिघडलं तर पेशंटनं कुठे जायचं ते यात नाही, असं पूनम सिस्टर म्हणाल्या. ते घातलं. पेशंटशेजारी 'सोबतचा माणूस' मी वेगळा काढला होता, कारण नंबर आल्याचा निरोप त्याच्या मोबाइलवर जाणार होता. मग चाचणीसाठी नावं भरायला बसले. एका बाईंना सोबतच्या माणसाचा नंबर विचारून मान वर केली, तर समोर तुझी आई.

"कोनी नाही माह्यासंगं," त्या म्हणाल्या. "संघपालले सांगू नको. त्याची नोकरी नवी हाय."

उन्हाळ्यापासून आठवड्यातून दोनदा त्या एकट्या येतात. तुला फोनवर गुडघे दुखतात एवढंच सांगतात. मी माझा नंबर भरला. आता डायलिसिस झालं की मीच त्यांना स्टँडवर सोडते. थकवा इतका येतो की गाडीत चढताना माझा दंड धरतात.

फोन केला असता तर तू लगेच त्यांना विचारलं असतंस, आणि "बरी हाय मी" म्हणून त्यांनी विषय मिटवला असता. म्हणून लिहिलं. डॉक्टर किडनी बदलायचं म्हणतात, आणि त्याबद्दल त्यांना घरच्या माणसाशी बोलायचं आहे. तिथे माझा नंबर चालत नाही. तुला कळवतेय, हे आज मी आईंना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "लिहूनच राह्यली तं हेही लिही, सुट्टी भेटल तवाच ये म्हना." लिहिलं. तू ते ऐकू नकोस. निघ.

तुझीच,
मयुरी