पूनमच्या आत्याचे गाव सामन्यांच्या यादीतून काढण्याबाबत

प्रति,
मा. सचिव साहेब,
सीमावर्ती महाविद्यालयीन फुटबॉल संघटना (मुलींचा विभाग),
मुक्काम मंचेरियल.

अर्जदार : कु. मैत्री दौलत मुनेश्वर, कर्णधार व गोलरक्षक, मुलींचा फुटबॉल संघ, नवप्रकाश पदवी महाविद्यालय, तलमडुगु, जिल्हा आदिलाबाद.
लिहिणार : सुधाकरराव, अर्जनवीस, तहसील कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानाचा ओटा.

विषय : गटाबाहेरील सामन्यांच्या यादीतून पांढरकवडा हे नाव कमी करून, आमच्या एकाही मुलीचा एकही नातेवाईक जिथे राहत नाही अशा गावी सामना मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज. उत्तर नाही.

महोदय,

१. सविनय कैफियत अशी की, अर्जदार बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकत असून तिला स्वतःला अर्ज लिहिता येतो. दोन लिहिलेही. ते फार मुद्देसूद होते, त्यामुळे ते कोणी शेवटपर्यंत वाचले नसावेत असे लिहिणाराचे मत आहे. म्हणून आज सकाळी ती या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "सुधाकरकाका, मुद्द्याचा नको, रडका अर्ज लिहून द्या." लिहिणाराची हयात जमिनीचे पट्टा पासबुक, रेशनकार्ड आणि विधवा पेन्शन यांचे अर्ज लिहिण्यात गेली. फुटबॉलचा हा पहिलाच. चेंडूला हात फक्त गोलरक्षकाने लावायचा असतो, हेही आजच कळले. तरी चूकभूल पोटात घालावी.

२. आपणांस ठाऊकच आहे की गटातले सामने संघटना लावते, आणि गटाबाहेरचे प्रतिस्पर्धी प्रत्येक कॉलेजने स्वतः निवडून पुढील तीन वर्षांची नावे आगाऊ कळवायची असतात. इतर कॉलेजे निवडताना काय पाहतात? समोरचा संघ तगडा आहे का, मैदान कसे आहे, बस जाते का. आमच्याकडे हे कोणी विचारत नाही. सामना दुपारी चारला सुरू होतो, आणि तो संपेस्तोवर तलमडुगूकडे येणारी शेवटची बस निघून गेलेली असते. म्हणजे मुक्काम आला. आणि पोरीचा मुक्काम म्हटला की घरचे एकच विचारतात, राहणार कोणाकडे? लॉज चालत नाही. हॉस्टेल चालत नाही. संघाचे पंकज सर सज्जन गृहस्थ आहेत, पण आयांच्या लेखी ते परके आणि बिनलग्नाचे. सबब मावशी लागते, आत्या लागते, नाहीतर मामी तरी. म्हणून पंकज सर आणि अर्जदार यांनी एके दिवशी सगळ्या मुलींना मैदानावर बसवून विचारले की कोणाचे कोण कुठे राहते, आणि त्याबरहुकूम यादी केली. किनवट, कारण तिथे अश्विनीची मावशी. वणी, कारण तिथे दोघींच्या माम्या. पांढरकवडा, कारण तिथे पूनमची आत्या. आमच्या भागातली सोयरीक सगळी सीमेपलीकडे महाराष्ट्रात जाते, तेव्हा प्रतिस्पर्धीही सगळे महाराष्ट्रातलेच निघाले. घरोघरी परवानगी मिळाली. आपण फार हुशारी केली असे अर्जदाराला तेव्हा वाटले होते.

३. पहिला सामना किनवटला झाला. आमचा संघ जिंकला, रात्री अश्विनीच्या मावशीने सगळ्यांना पोटभर जेवू घातले, इथवर ठीक. सकाळी चहाला चार माणसे आली. मावशी म्हणाली, सहज आलेत. सहज आलेल्या माणसांनी अश्विनीला नाव विचारले, शिक्षण विचारले आणि गुडघ्याला काय लागले तेही विचारले. उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. अर्जदार आणि इतर मुली हळदीला नाचल्या. आपला डावा कोपरा रिकामा झाला, हे वरात निघून गेल्यावर त्यांच्या लक्षात आले.

४. वणीच्या सामन्यानंतर दोघी गेल्या. माम्यांनी दोघींचे एकाच मांडवात उरकले. महोदय, यावरही अर्जदाराने धीर सोडला नव्हता. पण अश्विनीच्या सासरची माणसे चांगली निघाली, त्यांनी तिचे शिक्षण बंद केले नाही, आणि तिने किनवटच्याच कॉलेजात नाव घातले. पुढल्या खेपेस आमचा संघ किनवटला उतरला तेव्हा ती समोरच्या संघाच्या कपड्यांत उभी होती. तिने अर्जदाराच्या उजव्या हाताखालून गोल मारला. अर्जदार उजवीकडे उशिरा झेपावते, ही गोष्ट अश्विनीशिवाय दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती. सामना संपल्यावर ती अर्जदाराच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "राग नको धरू वं मैत्री, आता माहा संघ हाच हाये." अर्जदाराने राग धरला नाही. पण आपणच आपले खेळाडू हळद लावून समोरच्याला पुरवून राह्यलो आहोत, हे तिला त्या दिवशी स्वच्छ दिसले.

५. आता अर्जाचे मूळ कारण. पूनम ही तामसीकडच्या खेड्यातली मुलगी. ती आमच्या संघाची पुढची खेळाडू असून संघाचे बहुतेक गोल तिचेच आहेत. डिसेंबरात विद्यापीठाच्या संघाची निवड आहे. आमच्यातून कोणी निवडली जाईल तर ती पूनमच, याबद्दल पंकज सर आणि अर्जदार यांच्यात दुमत नाही. आणि यादीप्रमाणे येत्या २९ तारखेला, शनिवारी, सामना पांढरकवड्याला आहे. तिथे तिची आत्या रुक्माबाई राहते. आत्याने सगळे ठरवून ठेवले आहे. शनिवारी मॅच, रविवारी पाहणे, आणि जमले की डिसेंबर लागताच लग्न. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर आहे. अर्जदाराने त्याची चारही बाजूंनी चौकशी केली. पीत नाही, पत्ते खेळत नाही, आईला उलटून बोलत नाही. हीच मोठी अडचण आहे, कुठे बोट ठेवायला जागा नाही.

पूनमचे वडील माणिकराव यांच्याविरुद्धही काही तक्रार नाही. पोरीने आणलेला कप त्यांनी टीव्हीवर ठेवला आहे आणि आल्यागेल्याला ते तो दाखवतात. आत्याने त्याच कपाचा फोटो मागवून मुलाकडच्यांना पाठवला. माणिकरावांचे म्हणणे इतकेच की एका तिकिटात दोन कामे होतात. पूनमने हे सरावानंतर बूट सोडता सोडता अर्जदाराला सांगितले आणि म्हणाली, "मले काय पाह्यजे ते कोनं इचारलंच नाई वं." तिला निवडीला जायचे आहे. तिला हे आताच लग्न नको आहे. तसे तिने घरी एकदा म्हटले, तेव्हा पाहणं म्हणजे काही लग्न नव्हे असे उत्तर मिळाले. अश्विनीलाही हेच सांगितले गेले होते.

६. अर्जदाराने केलेले उपाय खालीलप्रमाणे. तिने पूनमला सुचवले की पाय मुरगळल्याचे सोंग कर. आत्याने फोनवर सांगितले, तशीच ये, मी हळद भरते. तिने सुचवले की सामन्यात इतकी वाईट खेळ की आत्याला लाज वाटावी. पूनम म्हणाली तसे खेळता येत नाही. एकदा प्रयत्न केला, पण चेंडू पायाशी आला की ठरलेले विसरून जाते. शेवटी अर्जदाराने आपले वडील दौलत गुरुजी यांना मध्यस्थीस पाठवले. गुरुजी शाळेत बोलतात तसे बोलतील अशी अपेक्षा होती. त्यांना माणिकरावांनी आग्रहाने जेवू घातले, आणि मुलगा खरोखर चांगला आहे असे सांगत ते परत आले. अर्जदार दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

७. मग पूनमला नेऊच नये, असे आपण म्हणाल. महोदय, संघात आता नेमक्या अकराच मुली उरल्या आहेत. बदली एकही नाही. आणि अकरापेक्षा कमी मुली घेऊन गेलेल्या किंवा सामन्याला न गेलेल्या संघाचे नाव त्या वर्षापुरते कमी होते, हा आपल्याच संघटनेचा नियम आहे. नाव कमी झाले की विद्यापीठाच्या निवडीला कोणालाच जाता येत नाही, पूनमलाही नाही. म्हणजे ती पांढरकवड्याला गेली तर तिची निवड गेली आणि नाही गेली तरी गेली. अर्जदाराने हे लिहिणाराला तीनदा समजावून सांगितले. तिसऱ्यांदा सांगताना ती रडली. हे लिहू नका म्हणाली. लिहिणाराने लिहिले आहे, कारण रडका अर्ज तिनेच मागितला होता.

८. सबब विनंती अशी की, पांढरकवड्याऐवजी त्याच शनिवारचा सामना आम्हांला उगवतीकडे, तेलंगणातच द्यावा. मंचेरियलला द्यावा. तिकडे आमच्या कोणाचीही सोयरीक नाही, तिकडे कोणी सहज चहाला येणार नाही. तिकडचे संघ तगडे आहेत आणि आम्हांला सात-आठ गोल बसतील, असे पंकज सरांनी बजावले आहे. अर्जदाराचे म्हणणे, बसू द्या. हरू, पण अकराच्या अकरा परत येऊ.

आता यातली गोम अशी की, जिथे नातेवाईक नाही तिथे पोरी पाठवायला आया तयार नाहीत. अर्जदार कापूस वेचणीच्या दिवसांत शेतोशेती फिरली. प्रत्येकीने विचारले, "कोनाच्या भरवशावर पाठवाव?" मग तिला कोणीतरी सांगितले की सचिव साहेबांच्या घरच्या आमच्याच आदिलाबादकडच्या, इचोड्याच्या आहेत. हे खरे असेल तर आमच्या बायांच्या हिशेबी त्या अर्ध्या नातेवाईकच झाल्या. तेव्हा अर्जदाराची अशी नम्र मागणी आहे की, एक रात्र अकरा मुलींना आपल्या घरी ठेवून घ्यावे आणि वहिनीसाहेबांनी त्यांची मावशी होण्याचे कबूल करावे. मुली अंथरूण-पांघरूण घेऊन येतील आणि स्वयंपाकाला हात लावतील. आपल्या घरी लग्नाचा मुलगा आहे किंवा कसे, हे कृपया कळवावे. असल्यास त्या दोन दिवसांपुरता त्यास बाहेरगावी पाठवावे.

९. अर्ज इथे संपणार होता. पण एवढ्यात पूनमची आई बयनाबाई तहसीलच्या कामाला आली आणि अर्जदाराला पाहून ओट्याशी थांबली. अर्जदार घाबरली आणि कागदावर हात ठेवू लागली. बाईंनी विचारले, पूनमचं हाये का? लिहिणार या वयात खोटे बोलत नाही. त्याने पहिल्यापासून सगळा अर्ज वाचून दाखवला, आत्याच्या फोनसकट. बयनाबाई खाली बसून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सुधाकरभाऊ, पाहनं मोडा असं माह्या तोंडून निंगनार नाई. नवरा हाये, ननंद हाये, मले त्याइच्यात राहनं हाये. पन सायबाच्या बायकोनं बोलावलं तं नाई कसं म्हनाव? तेवढं एक निमित्त द्या मले."

लिहिणाराने विचारले, हे लिहू का? त्या म्हणाल्या, लिहा. अर्जदाराने त्यांचा हात धरला तो सुटेना, म्हणून अंगठा डाव्या हाताचा घ्यावा लागला आहे.

१०. तरी वरील सर्व गोष्टींचा विचार करून, नियमात बसत असल्यास नियमाने आणि बसत नसल्यास माणुसकीने, ही विनंती मान्य करावी.

वहिनीसाहेबांच्या फोनकडे डोळे लावून बसलेली,

मैत्री दौलत मुनेश्वर
तलमडुगु, दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) अकरा मुलींच्या सह्या.
२) बयनाबाईंचा अंगठा, डावा.
३) बयनाबाईंचा मोबाईल नंबर, वेगळ्या चिठ्ठीवर.

टीप : या अर्जाचे उत्तर कागदावर पाठवू नये. कागद माणिकरावांच्या हाती पडेल आणि बयनाबाईंना वाचता येत नाही. फोन करावा, आणि तो वहिनीसाहेबांनीच करावा. दिवे लागल्यावर केल्यास बरे, तेव्हा माणिकराव घरी असतात आणि त्यांच्याही कानावर जाईल. बाकी दहा जणींची नावे नाही घेतली तरी चालेल. "तुमच्या पूनमले माह्याकडे पाठवा," एवढेच म्हणावे. पुढचे बयनाबाई बोलतील.