दोन बोटं कापड

९ जून

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. आम्ही सगळी खुशाल. सोनीचा खोकला गेला, पुढचा दात पडला, त्यामुळे बाईसाहेब तोंड मिटून हसतात.

तुझं पत्र पोचलं. भाऊजी तुला शिवणाचं दुकान काढू देत नाहीत, तर आमच्या ह्यांनी येऊन त्यांना समजवावं, असं लिहिलंयस. 'नवरा असावा तर असा' हे तुझं वाक्य ह्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

खोटं कशाला बोलू, हे करतात फार. नोकरी सुटल्यापासून माझ्या दुकानातच असतात. आधी गठ्ठे उचलायला आले. मग मला शिवता शिवता उठायला नको म्हणून फोन घ्यायला लागले. मग माझा खांदा दुखतो म्हणून कापायला माणूस ठेवला. आता मापं हे घेतात, कापतो तो, आणि मी काजं-बटणं करते. परवा एका नव्या बाईंनी ह्यांना विचारलं, "ह्या तुमच्याकडे बरीच वर्षं आहेत का?" हे पोट धरून हसले. मीही हसले गं.

आईने शिकवलं तसं मी शिवणीत आत दोन बोटं कापड जास्त सोडते, तुला ठाऊक आहे. अंग भरलं की उसवून सैल करता येतं. गिऱ्हाइकं माझ्याकडे त्यासाठीच यायची. काल शाळेतल्या बाई झगा घेऊन आल्या, बाळंतपणानंतर होत नव्हता. उलटा करून बघते तर आत काहीच नाही. कापड फुकट जातं म्हणून ह्यांनीच कापणाऱ्याला तसं सांगितलेलं. हे लगेच पुढे झाले, माफी मागितली, नवा शिवून द्यायचं कबूल केलं. जाताना बाई मला म्हणतात, "नशीब काढलंत हो."

तक्रार तरी काय करू? सकाळचा चहा हातात आणून देतात, आवाज कधी चढवत नाहीत. "परत मी कापू का?" विचारलं, तर म्हणाले, "वेडे, तुझ्या खांद्यासाठीच चाललंय ना सगळं." माझी कात्री तेल लावून वरच्या फळीवर ठेवलीय. तिथे माझा हात पोचत नाही.

रविवारी हे येतायत. तुझ्या दुकानाची पाटी कशी असावी तेही ठरवून झालंय. भाऊजींना ते पटवतीलच. ताई, भाऊजी नाही म्हणतायत तोवर तुला भांडता तरी येतं. ते हो म्हणाले की कात्री तेवढी कुणाच्या हाती देऊ नकोस.

तुझी,
दुकानात मदतीला असणारी
धाकटी