परसोंचा रविवार

हैदराबाद
४ फेब्रुवारी २०२६

ती. रंजनाआक्कास,
धाकट्या अनिरुद्धचा जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस, की बाटली खिडकीत शोभेला ठेवली आहेस? अक्षर बघून दचकू नकोस, रोशनी लिहिते आहे. पोरीचं कॉलेजात इंग्रजी, बाहेर हिंदी-तेलुगू, आणि मराठी आमच्याशी भांडण्यापुरतं. म्हटलं, आत्याला पत्र लिहिताना सराव होईल. चुकांकडे लक्ष देऊ नकोस.

फोनवर तू हुंदका देतेस आणि मग माझंही बोलायचं राहून जातं, म्हणून हे पत्र. सुमेधा बरी आहे. एका शाळेत मदतनीस म्हणून लागली आहे, सकाळी डबा घेऊन निघते. गौतमला नारायणगुड्यात प्रेसजवळच खोली मिळाली, त्यामुळे तो आता आमच्याकडे राहत नाही. जाण्यायेण्याचा त्रास वाचला. आणि हो, जयंतीला तू त्याला निळा चौकड्यांचा शर्ट पाठवला होतास ना, त्याचं त्याला काही विचारू नकोस.

आता माझा हात. गौतमने तुला 'मामाला जरा लागलंय' एवढंच सांगितलं होतं आणि मीही तेच पुढे ओढत राहिलो. सराव वगैरे खोटं आहे, आक्का. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा आहे. हे सांगितलं तेव्हा रोशनी लिहायची थांबली. लिही म्हटलं.

आमची कागद कापायची मशीन गौतमने तुला मोबाइलवर दाखवली होती. दोन बटणं एकदम दाबली तरच पातं खाली येतं, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहतात. पण जूनमध्ये शाळेच्या वह्यांची घाई असते. हिम्मतराव शेठनी एका बटणावर चिकटपट्टी मारून ते कायमचं दाबून ठेवलं. एक हात कागद सरळ करायला मोकळा झाला की काम भराभर उरकतं. तोच हात गेला.

शेठ आपल्याच बाजूचे, उदगीरकडचे. स्वतःच्या गाडीत घालून त्यांनी मला ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं, टाके घालून घेतले, पोलिसांत कशाला जायचं म्हणाले. ही गुरुवारची गोष्ट. पुढच्या मंगळवारी ताप चढला, हात काळा पडायला लागला, तेव्हा सुमेधाने मला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "कब लगा?" मी म्हणालो, "परसों लगा साब, मशीन पे."

तू इथे कधी राहिली नाहीस, म्हणून सांगतो. हैदराबादेत परसों म्हणजे मागचा कुठलाही दिवस. गेल्या आठवड्यातलं दुखणं परसोंचं आणि गेल्या वर्षीचं लग्नही परसोंचंच. इतक्या वर्षांत माझ्या जिभेवरही तेच बसलं. डॉक्टर उत्तरेकडचा, नवा. त्याने मंगळवारातून दोन दिवस वजा केले आणि कागदावर रविवारची तारीख घातली. रविवारी प्रेस बंद असते.

कामगार खात्याकडे भरपाईचा दावा लावला, तेव्हा शेठ म्हणाले, रविवारी प्रेसला कुलूप होतं, हा कुठे धडपडला मला काय ठाऊक. टाके घालणारा डॉक्टर तर म्हणे मला ओळखतच नाही. मागच्या सुनावणीत शेठचा वकील निकाल देणाऱ्या मॅडमना, परसों म्हणजे बरोबर दोन दिवसांपूर्वी, अशी फोड करून सांगत होता. मग बाहेर व्हरांड्यात मला म्हणतो, "परसोंइच बोला था ना मैं तुमकू, सेठ के साथ बैठ के बात कर लो बोलके." हे तो दसऱ्याच्या सुमाराला बोलला होता. मला हसू आलं, आणि मग ते हसू काही धड राहिलं नाही. लोक बघत होते.

मॅडम भल्या आहेत. म्हणाल्या, परसों क्या होता हमकू भी मालूम. पण कागद रविवार म्हणतो. त्या गुरुवारी मशीनजवळ असलेला एक तरी माणूस बोलला पाहिजे.

रोशनीला चहा करायला पाठवलंय. इथून पुढे मीच लिहितो, डाव्या हाताने. सांभाळून घे.

मशीनजवळ गौतम होता. मेन स्विच त्यानेच बंद केला. अंगातला शर्ट काढून माझा हात गुंडाळला. तोच, चौकड्यांचा. नुसत्या बनियनवर माझ्याशेजारी गाडीत बसला होता. सारखा म्हणत होता, मामा, डोळे मिटू नका.

मॅडमसमोर त्याने सांगितलं, मैं आबिड्स गया था, पार्सल देने. माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच आठवड्यात खोली घेतली. रोशनी त्याचं नाव काढू देत नाही. सुमेधा अजून चुकून त्याच्या वाटणीचं पीठ मळते.

मला राग येतो, आक्का. फार येतो. मग आठवतं, त्याच्या पगारावर तुझं घर चालतं, आणि शेठना ते माहीत आहे. त्याच्या जागी मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

सोळा तारखेला शेवटची सुनावणी. त्याला खरं बोलायला सांग, असं लिहायला बसलो होतो. मग सांगू नकोस असं लिहावं वाटलं. दोन्ही लिहवत नाही.

वर म्हणालो होतो, शर्टाचं विचारू नकोस. विचार. शर्ट कुठे गेला, एवढंच विचार. तो काय म्हणाला ते मला कळवू नकोस. सोळा तारखेला कळेलच.

तुझ्या गौतमचा मामा,
अनिरुद्ध