मला छापायचं राहिलं

दिंडोरी, ६ एप्रिल २०२५

चि. जीवन यास अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आम्ही मायलेकी इकडे ठीक. फोन केला असता, पण तेजल लगेच स्पीकर लावायला लावते, आणि हे तिच्यापुढं बोलायचं नाही. चौथी शिकलेलीचं अक्षर आहे, नावं ठेवू नको.

तुझ्या सविताचं लग्न ठरलं हे मला द्राक्षबागेत छाटणीला येणाऱ्या बायांकडून कळावं? भाऊ आहेस की पाहुणा? असो. एकच मागते. पत्रिकेत खाली पोरांची ओळ असते ना, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं', त्यात माझ्या तेजलचं नाव टाक. सत्तावीसची झाली, तरी घरातल्या प्रत्येक लग्नात ती त्याच ओळीत असते. वाचता येत नाही, पण आपलं नाव बोटानं बरोबर हुडकते. तुझ्या मनोजच्या लग्नाची पत्रिका अजून तिच्या उशीखाली आहे. आता रोज विचारते, नवी कधी येणार.

भावजयीला, दीपमालाला, आशीर्वाद सांग. बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी अक्का, तेजलची आई,
चिमणाबाई


ओझर, १४ एप्रिल २०२५

ती. अक्कास जीवनचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. रागावू नकोस, तू रागावलीस की मला अजून लहानपणीचे धपाटे आठवतात. तुला सांगितलं नव्हतं, सविताची दोन स्थळं तेजलला बघून परत गेली. उद्या हिच्या पोटी तसलंच निघालं तर, असं म्हणाले. या वेळी मुलाच्या आईनं आधीच विचारलं, घरात कुणी वेडसर नाही ना. दीपमाला नाही म्हणाली. मी खाली बघत बसलो. आता नाव छापलं तर ते विचारतील, ही कोण?

तू ये. आत्याशिवाय हळद कशी लागेल? पण एकटी ये. तेजलला दोन दिवस शेजारणीकडे ठेव. पत्रिका सोबत आहे. धाकट्यावर राग धरू नये, ही विनंती.

तुझा जीवन


दिंडोरी, २३ एप्रिल २०२५

चि. जीवन यास आशीर्वाद.

पत्रिका पोचली. तेजलनं दारातच फोडली. वरून खाली बोट फिरवलं, मग उलटी करून मागं पाहिलं. मी म्हटलं, छापखान्यानं चूक केली. तर म्हणते, "बरं. मला छापायचं राहिलं." आणि माझ्याच पाठीवर थोपटलं.

रक्तात आहे म्हणणाऱ्यांना सांग, बाळंतपणात अडकली, रडायला उशीर केला, डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं. बागेत काड्या वेचायला दहा बायांत तिचा हात पुढं, तरी डबा खाताना तिला कुणी जवळ बसू देत नाही. ते परके. तू तर तिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीस.

मी येणार नाही. हळद दुसऱ्या कुणाकडून लावून घे.

चिमणाबाई


दिंडोरी, २१ मे २०२५

चि. जीवन यास आशीर्वाद.

आले होते ते तू पाहिलंसच. सविता फोनवर रडली, आत्या नाही तर मी पाटावर बसत नाही म्हणाली, मग राहवलं नाही. शेजारीण तेजलला ठेवून घेईना, आमच्या पोरी घाबरतात म्हणाली. मग घरातच ठेवलं. भाकरी झाकून ठेवली आणि बाहेरून कडी घातली.

तुला माहीत नाही ते लिहिते. मांडवात विहीणबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. बाई वाईट नाही. माझ्या हाताची हळद स्वतःच्या रुमालानं पुसली आणि विचारलं, तुम्हाला मुलंबाळं किती? मी जन्मात कुणाला भ्याले नाही. मुकादमाला नाही, नवऱ्याला नाही. मी म्हणाले, "मला मूल नाही." त्या हळहळल्या.

घरी येऊन कडी काढली तर तेजल नवा ड्रेस घालून आत दाराशी बसलेली. मला कुणी विचारलं का म्हणाली. मी म्हटलं, सगळ्यांनी. कोण कोण, म्हणून बोटं पुढं केली. मी एकेक नाव सांगत गेले आणि एकेक बोट मिटत गेलं. दहाही मिटली. तेव्हा ती जेवायला उठली.

मला समजवायला येऊ नकोस. तू निदान खाली तरी बघत होतास. मी विहीणबाईंच्या डोळ्यांत बघून बोलले.

यापुढं कुठल्या लग्नाची पत्रिका पाठवू नको. लोभ ठेव म्हणायला तोंड नाही.

तेजलची आई