सोमवारची जपानी बॅच

रविवार, १ सप्टेंबर. संध्या. ७

आजपासून जपानी. निर्णय पक्का. बारामतीत राजेश्वरी मॅडमचा रविवारचा क्लास लावला. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुण्यात परीक्षा, एन-फाइव्ह. लोक तिला सगळ्यात खालची पायरी म्हणतात. मी पहिली म्हणतो.

मॅडम म्हणाल्या, जपानीत क्रियापद शेवटी येतं. आपल्यातही शेवटीच येतं. म्हणजे निम्मी भाषा मला आमच्या बावडा गावात जन्मलो तेव्हाच आली. बाकीचे माना खाली घालून लिहीत होते. मी फळ्यासमोर उभा राहून सेल्फी काढला, मागं सगळी अक्षरं आली. नोट्सही झाल्या, स्टेटसही झालं.

सोमवार, २ सप्टेंबर

स्टेटस १४३ जणांनी बघितलं. दुकानात दिवसभर तोच विषय. मी डी.एड., पण नेमणूक कधी आलीच नाही. अठरा वर्षं झेरॉक्स काढतोय आणि लोकांचे फॉर्म भरतोय. गाव मला 'ओ झेरॉक्स' म्हणून हाक मारतं. आज गावचे पुढारी महिपती तात्या पहिल्यांदा म्हणाले, काय इंद्रजित सर? बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

बुधवार, ४ सप्टेंबर

शेजारच्या बानूबाईची नात दिपाली याच परीक्षेचा फॉर्म भरायला आली. पुण्याची एक एजन्सी जपानात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला मुली नेते, पण आधी ही परीक्षा पास पाहिजे. तिच्या वडिलांनी, गेणूनं, स्पष्ट सांगितलंय. जानेवारीत निकाल. पास झाली तर जपान, नापास झाली तर फलटणचं स्थळ.

फॉर्म भरता भरता मी म्हणालो, इंदापूरला एसटी बदलून बारामतीला कशाला जातेस, मीच शिकवतो की. तोंडातून गेलं. पण गेलं ते बरोबरच. रविवारी आपण शिकायचं, सोमवारी तेच शिकवायचं. गुरुजी एक धडा पुढं असले की झालं. फी नाही. विद्यादान आहे.

सोमवार, ९ सप्टेंबर

पहिली बॅच. दिपाली आणि तिची मैत्रीण प्रतिक्षा. सेल्फीतली अक्षरं मोठी करून प्रिंट काढली, लॅमिनेशन केलं. दुकान आपलंच. काल बारामतीला गेलो नाही, घरात गणपती. त्यामुळं सध्या मी आणि विद्यार्थी एकाच धड्यावर आहोत. सोबत चालण्यातही मजा असते.

शनिवार, १४ सप्टेंबर

महिपती तात्यांनी चौकात फ्लेक्स लावला. 'जपानी भाषेचे गाढे अभ्यासक इंद्रजित सर यांचे हार्दिक अभिनंदन.' मागं बर्फाचा डोंगर, पुढं मी, मेव्हण्याच्या लग्नातला गॉगल घालून. अभिनंदन कशाचं ते लिहिलेलं नाही. मी तात्यांना नको म्हणालो होतो. एकदा.

सुप्रियानं विचारलं, किती अक्षरं येतात? बायकोनं असे प्रश्न विचारू नयेत.

रविवार, २९ सप्टेंबर

बारामतीला गेलो नाही. पितृपक्षात नवीन धडा सुरू करू नये. मागच्या रविवारीही याच कारणानं गेलो नव्हतो. नवरात्रात झपाटून अभ्यास.

शनिवार, १२ ऑक्टोबर. दसरा

क्लासमध्ये पाटीपूजन. पाट्या हल्ली कुणाकडं नाहीत, म्हणून लॅमिनेट केलेली अक्षरंच पाटावर मांडली. हळदकुंकू, झेंडूची फुलं, आपट्याची पानं. जपानी सरस्वती. दिपाली अक्षरांकडं बराच वेळ बघत राहिली. मग मोबाईल काढून त्यात बघितलं, परत अक्षरांकडं बघितलं, प्रतिक्षाला कोपरानं ढोसलं. मग दोघींनी डोळे मिटून हात जोडले. याला म्हणतात भक्ती.

रविवार, २० ऑक्टोबर

अखेर बारामती. राजेश्वरी मॅडमनी माझी वही बघितली आणि विचारलं, तुम्ही आरशात बघून लिहिता का?

परतीच्या एसटीत भवानीनगरच्या आसपास डोक्यात प्रकाश पडला. सेल्फी! पुढचा कॅमेरा सगळं उलटं दाखवतो. डावं ते उजवं. सगळीच्या सगळी अक्षरं उलटी. सहा आठवडे मी उलटं जपानी शिकवलं आणि वर त्याची पूजा घातली.

उद्या सांगून टाकायचं. पक्कं.

सोमवार, २१ ऑक्टोबर

सांगितलं नाही. पूजा झालेल्या अक्षरांना चूक म्हणणं बरं दिसत नाही. शिवाय परीक्षेत लिहायचं नसतंच, गोल काळे करायचे असतात. हळूहळू, कुणाला कळणार नाही असं, सरळ करत जाऊ.

दिपालीकडं बघवलं नाही. निघताना म्हणाली, येते सर. फलटणचं स्थळ कसं असेल कोण जाणे.

सोमवार, ११ नोव्हेंबर

दिवाळी संपली, निवडणूक आली. मतदार याद्यांच्या झेरॉक्स. जपान कुठं पळून जात नाही.

एक चमत्कार. मी सरळ केलेली पहिली ओळ फळ्यावर लिहिली, तर दोघींनी घडाघड वाचली. पुढच्या ओळी मी शिकवायच्या आधीच म्हणून दाखवल्या. पाया पक्का असला की इमारत आपोआप उभी राहते. मी काल मॅडमकडं गेलो नव्हतो, तरी.

बुधवार, १३ नोव्हेंबर

सकाळी सहाच्या एसटीत दिपाली आणि प्रतिक्षा चढताना दिसल्या. इंदापूरला काही काम असेल.

रविवार, १ डिसेंबर. पुणे

परीक्षा झाली. पेपर छपाईला सुंदर होता. ऐकायच्या भागात ती रेकॉर्डिंगमधली बाई फार घाईत होती, तिची गाडी सुटत असावी. दिपाली माझ्या पुढच्या बाकावर. तिची पेन्सिल थांबत नव्हती. मी माझ्या पेन्सिलीला तीनदा टोक केलं.

एकंदरीत समाधानी. माझ्याबद्दल.

गुरुवार, २३ जानेवारी

निकाल दुकानातच बघायचा होता. सगळ्यांचे निकाल मीच बघतो. सकाळपासून देव पाण्यात घातले होते, आणि ते माझ्यासाठी नव्हते. पोरीचा नंबर दोनदा तपासून टाकला.

दिपाली पास. प्रतिक्षा पास. मी खुर्चीतून उठून ओरडलो, बाहेरची माणसं धावत आली. गेणू आला, डोळे पुसत होता. फलटणला आता नकार कळवायचा म्हणाला. मी म्हणालो, माझ्या शिकवणीचं चीज झालं. प्रतिक्षा छताकडं बघत होती.

माझा निकाल मी नंतर, शटर अर्धं ओढून बघितला. नापास. थोडक्यात नव्हे.

घरी सुप्रियाला म्हणालो, निदान दोन पोरी घडवल्या. ती भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली,

"दसऱ्यापासून त्या दर बुधवारी बारामतीला जात होत्या. त्याच राजेश्वरी मॅडमकडं. समद्या गावाला ठावं हाय."

मी विचारलं, मग सोमवारी माझ्याकडं कशाला येत होत्या?

"तुमाला वाईट वाटू नये म्हणून."

आज इतकंच.

शुक्रवार, २४ जानेवारी

दिपाली पेढे घेऊन आली. पाया पडली. मी म्हणालो, पाया कशाला पडतेस, मी तर उलटं शिकवलं. सेल्फीचं सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, माहिती होतं. मग हळूच म्हणाली,

"सर, जुलैच्या परीक्षेचा फॉर्म भरा. मला जायला अजून वेळ हाय. सोमवारी तुमीच बसा, मी शिकवते."

मी म्हणालो, विचार करून सांगतो. ती दाराशी पोचायच्या आत सांगितलं.

सोमवार, २७ जानेवारी

पहिला तास. दिपालीनं शुद्धलेखन घातलं. दहापैकी तीन. हयगय चालणार नाही म्हणाली. वहीवर लाल शेरा मारला आणि घरून पालकांची सही आणायला सांगितली.

सुप्रियानं काही न विचारता सही केली. खाली तारीखही घातली.