परदेशी आत्या

४ मार्च
चि. ढब्बूस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू बसवून दिलेला तोंड लपवणारा ब्राउझर चालतो, म्हणजे रांगतो. एक पान उघडेपर्यंत माझी बाही शिवून होते. वर मी यंत्र नाही हे पटवायला दर वेळी चित्रांतले सिग्नल शोधायचे! पण करते काय? संगणक माझ्या लेकाचा, म्हणजे तुझ्या दादाचा. त्याची आई उतारवयात जोडीदार शोधतेय हे कळलं तर माझी धडगत नाही.

बातमी अशी, की त्या जोडीदारांच्या साइटवर आपले कोपऱ्यावरचे चष्मेवाले सापडले. बायको गेल्यापासून एकटेच आहेत. मी नाव न सांगता चार ओळी धाडल्या. उत्तर आलं, की स्वभाव आवडला, पण समुद्रापलीकडे यायला आता गुडघे तयार नाहीत. अरे, मी दोन गल्ल्या सोडून राहते!

तुझ्या आईला सांगू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी आत्या

९ मार्च
ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

हसून हसून पोट दुखलं. अगं, तू कुठली ते लपवायला तो ब्राउझर तुला देशोदेशी फिरवतो आणि साइट शेवटचा मुक्काम खरा धरते. साध्या ब्राउझरने गेलीस तर गाव खरं दिसेल, पान झटकन उघडेल, पण मागे खुणा राहतील आणि दादापुढे लग्नाच्या जाहिराती नाचतील. दोन्ही एकदम जमत नाही. नाहीतर सरळ दुकानात जा.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा ढब्बू

१७ मार्च
चि. ढब्बूस आशीर्वाद.

दुकानात गेले. माझी बोबडी वळली. त्यांनी डोळे तपासले, नंबर वाढलाय म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. लपायचं होतं लेकापासून, आणि मी लपले चष्मेवाल्यांपासून! तणतणत घरी आले आणि साध्या ब्राउझरने त्या साइटवर गेले.

दुसऱ्याच दिवशी तुझा दादा कामाला बसला, तर पडद्यावर साठीतल्या नवरीचे दागिने. त्याने मला बोलावलं. मला रडूच फुटलं. तू आणि सूनबाई कामावर गेलात की घर खायला उठतं, हेही त्याला सांगून टाकलं.

त्याने खुर्ची ओढून मला शेजारी बसवलं. मग साइटवरची माझी माहिती उघडायला लावून शांतपणे वाचली आणि म्हणाला, की फोटोशिवाय तुला ओळखणार कोण. खिडकीपाशी उभं करून फोटो काढले. मी हसेना, तर स्वतःच वेडीवाकडी तोंडं केली. हसरा फोटो त्यानेच चढवला. वयात मी चार वर्षं चोरली होती, ती मात्र बघूनही त्याने तशीच राहू दिली.

तुझी आत्या