शेडमधले लांबशेपटे

१ जानेवारी, सोमवार. सकाळी ११
नवं वर्ष, नवी वही, नवा फिनलो स्किलिकॉर्न.
संकल्प एकच. सासरेबुवांची रेसिंग मोटरसायकल आमच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे. ती मी स्वतःच्या हाताने दुरुस्त करणार. दिवे, हॉर्न, आरसा, नंबर प्लेट, सगळं कायदेशीर. जूनमध्ये शर्यतींच्या मधल्या रविवारी, मॅड संडेला (त्या दिवशी शर्यतीचा रस्ता सगळ्यांना खुला असतो), सासरेबुवांना मागे बसवणार आणि डोंगरावरून खाली आणणार.
काल रात्री जेवताना म्हाताऱ्याने शर्यतींची जुनी वही काढून दाखवली. सप्टेंबर १९५९. फेरी १. बंगलो. थांबलो. म्हणजे शर्यतीत डोंगरावर बंगलो स्टेशनपाशी गाडी बंद पडली आणि फेरीचे शेवटचे साडेसहा मैल राहून गेले. तेव्हापासून तो त्या साडेसहा मैलांवरून एकदाही गेलेला नाही. रॅम्झीला जायचं असलं तरी समुद्राकाठचा लांबचा रस्ता धरतो. आता एक्क्याऐंशीचा आहे, हृदय कुरकुरतं. म्हणाला, पुढच्या हिवाळ्याचं काही सांगता येत नाही, जावईबापू. मी तिसऱ्या पेल्यानंतर शब्द दिला. ब्रीशा (बायको) नुसती बघत होती. भारावली असावी.
मला यंत्रांची उपजत जाण आहे. तेहतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचलेत.

२ जानेवारी
ताडपत्री काढली. फार थंडी. परत घातली.

१४ जानेवारी, रविवार
सुरुवात दणक्यात! अख्खी गाडी चाळीस मिनिटांत सुटी केली. पुस्तकात दोन दिवस म्हटलंय. पुस्तकं भित्र्या लोकांसाठी असतात. सगळे भाग बिस्किटांच्या सात डब्यांत. ब्रीशा म्हणाली, लेबलं लाव. म्हटलं, नकाशा डोक्यात आहे.

१५ जानेवारी
नकाशा जरा पुसट झालाय.

३० जानेवारी
काम नाही. आमच्या बेटाची म्हणच आहे: वेळ भरपूर आहे.

१० फेब्रुवारी, शनिवार
इंजिन जोडलं!! चार भाग उरले. कारखानेवाले जादा देतच असतात. गाडी तेवढीच हलकी. उरलेले चार डबा नंबर सातमध्ये ठेवले.
इंजिन फिरत नाही. नव्याने जोडलेलं इंजिन आधी जरा रुसतंच.

११ फेब्रुवारी. सकाळी ७
शेडमधून आवाज. ठक ठक. खर्रर्र. मग ठक. ब्रीशाला उठवायला वळलो तर ती अंथरुणात नाही. फिरायला गेली असणार, हल्ली जाते.
न्याहारीला म्हाताऱ्याला सांगितलं. त्याने एकच शब्द उच्चारला: लांबशेपटे.
(बिळात राहणाऱ्या, कुरतडणाऱ्या त्या प्राण्याचं खरं नाव आमच्या बेटावर कोणी घेत नाही. अपशकुन होतो. मी असलं काही मानत नाही. पण वही नवी आहे, उगाच कशाला.)
म्हातारा म्हणाला, मी पाहिलाय एक, मांजराएवढा, माणसाला भीत नाही. सकाळी नऊच्या आत शेडकडे फिरकू नकोस जावईबापू, पिसाळतात. ब्रीशा म्हणाली, बाबांचं ऐक हो. तिला माझी किती काळजी!
माझी पाचावर धारण बसली असं कोणी म्हणेल. तसं नाही. मी फक्त कामाची वेळ दहा ते बारा ठरवली.

१७ फेब्रुवारी
लांबशेपट्यांसाठी चीजचा तुकडा ठेवला. सकाळी गायब. बिस्किटंही गायब, पण पुड्याचा कागद नीट घडी घालून ठेवलेला. हुशार जात.

२० फेब्रुवारी
डबा सातमधले चारही जादा भाग लांबशेपट्यांनी पळवले. बरं झालं, अडगळ होती. विशेष म्हणजे इंजिन आज लोण्यासारखं फिरलं. जादा भाग जवळपास असले की इंजिनावर दडपण येत असावं. हे कुठल्याच पुस्तकात नाही. लेख लिहावा काय?

३ मार्च, शनिवार
दिवे लावले. मागचा पेटला की पुढचा विझतो, पुढचा पेटला की मागचा. वीज वाचते. ब्रीशाने येऊन पाहिलं आणि म्हणाली, वा फिनलो, मोठे दिवे लावलेस! एकतीस वर्षांच्या संसारात असं तोंडभरून कौतुक पहिल्यांदाच. तारखेखाली दोन रेघा मारल्या.

४ मार्च
दोन्ही दिवे एकदम पेटताहेत. माझी जोडणी रात्रभर मुरली असणार.

१० मार्च
हॉर्न बसवला. एकट्याने, एका दमात. पक्कड सापडेना म्हणून वायर दाताने सोलली. कारागीर अडून बसत नाही.
ब्रीशाच्या नखांत काळं दिसलं. विचारलं. परसात बीट लावतेय म्हणाली. एवढं काळं बीट! जमीन तपासून घ्यायला हवी.

२ एप्रिल
गाडीवर बसायचा सराव केला. गाडी स्टँडवर, मी हँडलवर वाकून, इंजिनाचा आवाज तोंडाने. म्हातारा स्टुलावर बसून पाहत होता. म्हणाला, वळणावर गुडघा आत घे, जावईबापू. घेतला. पाठीत कळ.

३ ते ६ एप्रिल
अंथरुणात.

६ एप्रिल. सकाळी ८
पडल्या पडल्या शेडमधून धडधड ऐकली. इंजिन! तेच! काच थरथरत होती. उठायला गेलो, पाठीने ऐकलं नाही. ब्रीशा वर आली, गाल लाल, केसांना पेट्रोलचा वास. म्हणाली, गाडी सुरू झाली. विचारलं, कशी? म्हणाली, तू जे काय केलं होतंस ना, त्याचाच परिणाम. हाताच्या काकणाला आरसा कशाला!
खाली म्हातारा गात होता. त्याला गाताना मी पहिल्यांदा ऐकलं.

२८ एप्रिल, शनिवार
आज गाडीची सरकारी तपासणी. गाडी व्हॅनमध्ये चढवून तिघं डग्लसला. वाटेत परीपूल लागला. तिथे पुलाखालच्या पऱ्यांना, म्हणजे ‘मंडळीं’ना, नमस्कार करावाच लागतो, नाहीतर काम बिघडतं म्हणे. ब्रीशा म्हणाली, नमस्कार मंडळी. म्हातारा म्हणाला, नमस्कार मंडळी, बरे आहात ना? मी तेव्हा इग्निशन समजावून सांगत होतो. एकविसाव्या शतकात वाक्य अर्धं कोण सोडतो?
तपासणीला इंग्लंडहून नव्याने आलेली बाई. कडक. ब्रेक पाहिले, पास. टायर पास. दिवे पास. सायलेन्सर पास. मागची सीट, पाय ठेवायच्या खुंट्या (या कधी बसवल्या मी? आठवत नाही, कामाच्या ओघात होतं) पास. मग म्हणाली, हॉर्न.
दाबला. काही नाही. परत दाबला. दिवा मात्र लागला.
तिने वाकून वायर पाहिली आणि विचारलं, हे कोणी कुरतडलंय? आणि मग तो शब्द उच्चारला. खरा शब्द, मोठ्याने, भर दिवसा. अपशकुन उतरवायला ब्रीशाने टेबलाच्या लाकडाला हात लावला. म्हाताऱ्याने शीळ घातली. मी मूग गिळून बसलो. दातांचे ठसे माझे होते.
नापास. फक्त हॉर्न.
परतताना म्हातारा म्हणाला, एकोणसाठ साली मीपण मंडळींना नमस्कार करायचा विसरलो होतो. म्हटलं, उगाच काहीतरी.

१२ मे, शनिवार
पास!!! हॉर्नची वायर थेट जोडली, मध्ये अडथळा नको म्हणून बटणाला पक्की वळवून टाकली. बाईंनी दाबला तर भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. आता हा हॉर्न जन्मात गप्प बसायचा नाही.
(पुलावर नमस्कार केला. तीनदा. मनातल्या मनात, त्यामुळे तो धरायचा नाही.)

२१ मे, सोमवार
विम्याचा फॉर्म. लायसन्सवर काय काय चालवायची परवानगी आहे ते लिहा, म्हणे. लायसन्स काढून पाहिलं. मोटरगाडी. ट्रॅक्टर. पन्नास सीसीची मोपेड. मोटरसायकलच्या रकान्यात काही नाही.
हा कारकुनी घोटाळा आहे. सतराव्या वर्षी मी मोटरसायकलची परीक्षा दिल्याचं मला लख्ख आठवतं. दिवसभर आठवत बसलो. चारच्या सुमारास निकालही आठवला.
संध्याकाळी ब्रीशाला सांगितलं. ती उठली, ड्रॉवरमधून आपलं लायसन्स आणून टेबलावर ठेवलं. मोटरसायकल, कितीही सीसी, सतराव्या वर्षापासून. म्हटलं, एवढी वर्षं बोलली नाहीस? म्हणाली, तू विचारलं नाहीस. म्हातारा म्हणाला, मीच शिकवलं तिला, त्याच डोंगरावर, पण बंगलोपर्यंतच.
नवा निर्णय: ब्रीशा चालवेल. मी संघाचा मॅनेजर. मोठ्या संघात मॅनेजर स्वतः गाडी चालवत नाही.

२९ मे, मंगळवार
सकाळी म्हातारा स्वयंपाकघरात खाली बसला आणि उठेना. डॉक्टर आले. पडून राहा म्हणाले. चीज, ग्रेव्ही, चिप्स बंद. मोटरसायकल या शब्दावर नुसते बघत राहिले.
मी उशाशी बसलो. म्हटलं, पुढच्या वर्षी करू, घाई कसली, वेळ भरपूर आहे. म्हातारा म्हणाला, ती म्हण तरुणांनी केलीय, जावईबापू.
आज विनोद सुचत नाही. मला भीती वाटते. हा माणूस मला आवडतो, हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

२ जून, शनिवार. सकाळी ६ वाजून १० मिनिटं
झोप येईना. शेडमध्ये ठक ठक. मॅनेजर म्हणून जबाबदारी माझी. उद्या गाडी निघणार आणि आज लांबशेपट्यांनी वायरी खाल्ल्या तर? शेगडीची सळई घेतली, कोट उलटा घालून निघालो.

त्याच दिवशी, सकाळी ७
दार उघडलं. ब्रीशा गाडीखाली पाठीवर पडलेली, हातात पाना. म्हातारा बिस्किटांच्या डब्यावर, अंगाभोवती ब्लँकेट, काठीने दाखवत होता: तो नाही गं पोरी, त्याच्या मागचा. दोघांत एक चहाची किटली. ताटलीत चीज. माझं चीज.
म्हातारा म्हणाला, बघ ब्रीशा, मोठा लांबशेपटा आला.
मी म्हटलं, मला माहीत होतं. फेब्रुवारीपासून. ब्रीशा म्हणाली, हो. एवढंच. पण इतक्या मायेने म्हणाली की सळई कुठे ठेवावी मला कळेना.
मला कप नव्हता. घरातून घेऊन आलो. मग ते सांगतील तसा टॉर्च धरला. बऱ्याचदा योग्य जागी.

३ जून, रविवार. संध्याकाळी ७
ऊन! वारा नाही! डॉक्टरांना म्हाताऱ्याने काय सांगितलं ते मी विचारलं नाही.
रॅम्झीवरून व्हॅन वर चढवली. बंगलोवर जगभरातल्या मोटरसायकली. आमची खाली उतरवली तसे लोक बाजूला सरून बघायला लागले. ब्रीशा पुढे बसली. म्हातारा मागे, खाली सोफ्याची उशी, कमरेला दोघांना मिळून एक पट्टा. त्याने १९५९ चे गॉगल चढवले. एक काच नव्हती.
गाडीला किक नाही. शर्यतीचीच ती, धक्क्यावर सुरू होते. धक्का मारायला संघात माणूस एकच उरला होता.
मारला. आठ पावलं, दहा पावलं, आणि इंजिन असं गरजलं की हातातून गाडी निसटली आणि मी शब्दशः तोंडघशी पडलो. डोंगर मेंढ्यांचा आहे. जास्त लिहीत नाही.
उठतो तोच हॉर्न. ब्रीशाने मला टाटा म्हणून एकदा दाबला होता. तो थांबलाच नाही. गाडी वळणाआड गेली, दिसेनाशी झाली, हॉर्न येतच राहिला, पुढच्या वळणावरून, त्याच्याही पुढच्या. शेजारचा जर्मन म्हणाला, बाईंना फारच घाई दिसते. म्हटलं, अठ्ठावन्न वर्षं नऊ महिने उशीर झालाय. वर हेही म्हटलं, हॉर्न माझा आहे. त्याने मला रुमाल दिला. मेंढ्यांसाठी असावा. मी डोळे पुसले.
व्हॅन, काठी, थर्मास आणि मी, मुंगीच्या पावलांनी दीड तासाने खाली शर्यतीच्या समाप्तीरेषेशी पोचलो. म्हातारा कठड्यावर बसून चिप्स, चीज आणि ग्रेव्ही खात होता. गाडी उभी, हॉर्न गप्प. ब्रीशाने शेवटी वायर तोडली म्हणे. दाताने.
म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ओरडून बोलत होता. सगळे बाजूला झाले, जावईबापू! एकोणसाठ साली एक इंच कोणी सरकलं नव्हतं! आज हॉर्न ऐकला की सगळे बाजूला! आम्ही चाळीस जणांना मागे टाकलं! मग त्याने ग्रेव्हीच्या हाताने माझा गाल थोपटला. मी म्हटलं, तुम्ही मला फार आवडता. तो म्हणाला, काय?
संध्याकाळी त्याने जुनी वही काढली. थांबलोच्या पुढे सावकाश लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं.
फेरी १. पूर्ण. वेळ: अठ्ठावन्न वर्षं, नऊ महिने. चालक: ब्रीशा. मेकॅनिक: ब्रीशा. हॉर्न: जावई.
मी ओरडून विचारलं, आणि मॅनेजर? म्हणाला, जागा नाही रे.
खाली अर्धं पान कोरं होतं.